नवीन लॅपटॉपवरून प्रिंट निघतच नाहीये

फणसगरे: मंडळी जरा मदत करा. विंडोज ११ वाला नवीन लॅपटॉप घेतलाय आणि घरातला वायफाय प्रिंटर नुसता ऑफलाइन दाखवतोय. मोबाईलवरून मस्त प्रिंट येते. लॅपटॉपवरून दिली की कधी काहीच होत नाही, कधी फाइल कुठे सेव्ह करू विचारतो, अरे बाबा मला कागद हवाय! पोरीचा प्रोजेक्ट उद्याच द्यायचाय.

चहाबाज: सेव्ह विचारतोय म्हणजे डिफॉल्टला (आपोआप निवडला जाणारा प्रिंटर) 'प्रिंट टू पीडीएफ' बसलंय, ते कागदाऐवजी फाइल बनवतं. सेटिंग्समध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तिथे 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद करा, नाहीतर शेवटी वापरलेला प्रिंटरच तो आपल्या मनाने डिफॉल्ट करत बसतो. मग तुमचा सेट करा.

रात्रपाळी: मोबाईलवरून होतंय म्हणजे प्रिंटर ठीक आहे, लॅपटॉप राउटरच्या गेस्ट वायफायवर (पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क) तर नाही ना? गेस्टवाल्याला सहसा घरातली बाकीची यंत्रं दिसत नाहीत. आमच्याकडे अख्खा रविवार ह्यातच गेला, ड्रायव्हर तीनदा टाकला उगाच. आणि रांगेत अडकलेल्या प्रिंट आधी कॅन्सल करा, नाही झाल्या तर विंडोजच्या सर्व्हिसेसमधून प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्राम) रीस्टार्ट मारा.

फणसगरे: गेस्टवरच होता!! दुकानातल्या पोराने सेटअप करताना जोडून दिलेला. नेटवर्क बदललं आणि लगेच चालू. फक्त रांग साफ करायची विसरलो, त्यामुळे प्रोजेक्टचं पहिलं पान नऊ वेळा आलं, तेही रंगीत 😭