मदत हवी आहे: बीकेसीतल्या फुकट क्लाऊड लाँच परिषदेला जायचंय, तयारी काय करू?

सेमीकोलन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात बीकेसीला जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये एका क्लाऊड कंपनीची एक दिवसाची परिषद आहे. नवीन प्रॉडक्ट्स तिथे जाहीर होणार आहेत. प्रवेश फुकट, फक्त ऑनलाइन नोंदणी. मी बॅकएंड डेव्हलपर आहे, काम जावात, थोडंफार पायथन. कंपनी पेमेंट क्षेत्रातली, राहायला डोंबिवली. दिवस गुरुवार आहे, म्हणजे ऑफिसातून एक दिवस मागून घ्यावा लागणार आणि परत आल्यावर टीमला काहीतरी ठोस सांगावं लागणार.

अडलंय ते असं:

१. नोंदणी केली, पण स्टेटस 'पेंडिंग' दाखवतंय. जीमेल दिला म्हणून असेल का?
२. कीनोट (मुख्य भाषण), ब्रेकआउट (विषयवार छोटी सत्रं), वर्कशॉप, एक्स्पो (कंपन्यांचे स्टॉल) सगळं एकाच दिवशी आहे. काय धरू, काय सोडू?
३. लॅपटॉप न्यावा का? कोणता, ऑफिसचा की घरचा?
४. नंतर सेल्सवाल्यांचे फोन फार येतात म्हणे. टाळता येतात का?
५. सकाळी डोंबिवलीहून बीकेसी गाठायचा सुटसुटीत मार्ग कोणता?

जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

---

जाड_भिंग

१ आणि ४ एकत्रच घेतो, कारण दोन्हींचं मूळ नोंदणीच्या फॉर्मात आहे.

फुकट परिषदेचा खर्च मार्केटिंगच्या बजेटमधून येतो, आणि तुमची माहिती हाच तिथला तिकिटाचा दर. त्यामुळे फॉर्म तपासणारा माणूस कंपनी आणि हुद्दा बघतो. जीमेलवरून केलेली नोंदणी बऱ्याचदा थेट नाकारत नाहीत, पण रांगेत मागे ढकलतात. ऑफिसच्या मेलवरून पुन्हा नोंदणी करा आणि जुनी रद्द करा. एकाच नावाच्या दोन नोंदण्या राहिल्या तर बॅज काउंटरवर गोंधळ होतो. नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. पॅनवर वडिलांचं नाव मध्ये असेल आणि फॉर्मात नसेल तर सहसा चालतं, पण टोपणनाव किंवा नुसती आद्याक्षरं दिली की काउंटरवरची मुलगी तुम्हाला 'हेल्प डेस्क'च्या रांगेत पाठवते, आणि ती रांग सगळ्यात हळू सरकते.

'कन्फर्म' मेल आला म्हणजे खुर्ची मिळाली असं धरू नका. नाव नोंदवून न फिरकणारे खूप असतात म्हणून आयोजक जागेपेक्षा जास्त नोंदण्या घेतात. मुख्य सभागृह भरलं की अग्निसुरक्षेच्या नियमामुळे दारं बंद होतात आणि उरलेल्यांना बाहेरच्या पडद्यावर कीनोट बघावं लागतं.

आता फोन. फॉर्ममध्ये 'खरेदीच्या निर्णयात तुमची भूमिका' असा एक रकाना असतो. तिथे 'निर्णय घेणारा' निवडलंत तर फोन येणारच. खरं तेच भरा: डेव्हलपर, खरेदीचा अधिकार नाही. शेवटी दोन-तीन चौकोन असतात. अटी मान्य असल्याचा चौकोन सक्तीचा असतो, 'भागीदार कंपन्यांनी संपर्क केला तर चालेल' हा नसतो. तो कोरा सोडा. १९०९ वर डीएनडी (जाहिरातीचे फोन नको अशी नोंद) लावलेलं असलं तरी या एका टिकमुळे तुम्ही त्या कंपनीला स्पष्ट संमती दिली असं धरलं जातं, आणि अशा संमतीपुढे डीएनडी चालत नाही.

दुसरी गळती एक्स्पोमध्ये. स्टॉलवर टी-शर्टच्या बदल्यात बॅजवरचा क्यूआर स्कॅन करतात. त्या एका 'बीप'मध्ये नाव, कंपनी, मेल, फोन सगळं त्या विक्रेत्याकडे जातं. ज्याच्याशी खरंच बोलायचंय त्यालाच स्कॅन करू द्या. बाकीच्यांना बॅज उलटा करून नमस्कार.

---

रिकामा_लूप

२ बद्दल माझं मत ठाम आहे: कीनोटसाठी जाऊ नका. ते जवळपास नेहमी लाइव्ह दाखवतात आणि नंतर रेकॉर्डिंगही मिळतं. लोकलमध्ये दीडपट वेगाने बघून होतं. रेकॉर्डिंगमध्ये न मिळणाऱ्या गोष्टी दोनच, वर्कशॉप आणि 'तज्ज्ञांना विचारा'चं टेबल. दिवस त्या दोन्हींभोवती आखा.

ब्रेकआउट निवडताना शीर्षकाला भुलू नका, सत्राच्या क्रमांकाकडे बघा. अशा परिषदांत त्यात बहुधा पातळी दडलेली असते: १०० म्हणजे ओळख, २०० मध्यम, ३०० प्रगत, ४०० तज्ज्ञ. चार-पाच वर्षं काम केलेल्याने १०० ला बसणं म्हणजे वेळ घालवणं. ३०० पासून पुढे बघा. वर्णनात 'ग्राहकाची यशोगाथा' दिसली तर अर्धं सत्र त्या ग्राहकाच्या स्लाइड्समध्ये जाणार हे गृहीत धरा.

वर्कशॉपला जागा मोजक्या आणि वेगळं बुकिंग. ॲपमध्ये 'फुल' दिसलं तरी सुरू व्हायच्या १५-२० मिनिटं आधी दारापाशी जाऊन उभे राहा. बुकिंग करून न आलेल्यांच्या खुर्च्या सुरू होण्याच्या थोडं आधी सोडतात.

लॅपटॉप हवाच, आणि घरचा. ऑफिसच्या लॅपटॉपवर प्रॉक्सी आणि एंडपॉइंट सिक्युरिटी असते, ती लॅबचे (वर्कशॉपमधल्या प्रत्यक्ष सरावाचे) अनोळखी पत्ते अडवते. लॅब चालत नाही आणि कारण कुठेच दिसत नाही, नुसतं टाइमआउट. शिवाय ॲडमिनचे हक्क नसतात, काही टाकायचं म्हटलं तर आयटीला तिकीट.

आदल्या रात्री घरच्या वायफायवर हे उरकून घ्या:

- गिट, पायथन, जेडीके, डॉकर, त्या क्लाऊडचं कमांड लाइन टूल. आवृत्त्या वर्कशॉपच्या पानावर दिलेल्या असतात, त्याच टाका.
- लागणाऱ्या डॉकर इमेज (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे) ओढून ठेवा. एकेक इमेज जीबीच्या घरात जाते, हॉलच्या वायफायवर ती उतरेपर्यंत वर्कशॉप संपतं. निदान २० जीबी डिस्क मोकळी ठेवा.
- एम सीरिजचं मॅकबुक असेल तर इमेज आर्म६४ साठी (त्या मॅकच्या प्रोसेसरच्या जातीसाठी) आहे का बघा. नसेल तर 'एक्झेक फॉरमॅट एरर' येते, नाहीतर इम्युलेशनवर रखडत चालते.
- चार्जर आणि एक छोटा एक्स्टेन्शन बोर्ड. सहा जणांच्या टेबलाला दोन प्लग पॉइंट असले की बोर्डवाल्याला सगळे मान देतात. फोनची पॉवरबँक लॅपटॉपला चालत नाही, ४५ ते ६५ वॅट पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) देणारी लागते.

वायफायचं दुखणं: २.४ गिगाहर्ट्झ बँडवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल्स तीनच, १, ६ आणि ११. हजारो फोन त्यावर बसले की काही हलत नाही. लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झच वापरायला लावा. लॉगिनचं पान उघडत नसेल तर व्हीपीएन बंद करा, फोनवर 'प्रायव्हेट डीएनएस' बंद करा, आणि ब्राउझरमध्ये साधं एचटीटीपीवालं कुठलंही पान उघडा, उदा. नेव्हरएसएसएल डॉट कॉम. एचटीटीपीएसवर वाट वळवता येत नाही म्हणून लॉगिनचं पान अडकतं. हॉटस्पॉटवर फार भिस्त नको, त्या गर्दीत मोबाइलचा टॉवरही तुंबलेला असतो.

---

सेमीकोलन

जाड_भिंग, रिकामा_लूप, मनापासून आभार. घरच्या लॅपटॉपवर कधीमधी ऑफिसचं क्लाऊड अकाउंट वापरतो. लॅबला त्याची अडचण येईल का?

---

रिकामा_लूप

येईल, आणि ती वाईट असते. लॅबसाठी तुम्हाला काही तासांपुरतं तात्पुरतं अकाउंट देतात. ॲमेझॉनचं उदाहरण घेतो, इतरांचीही तऱ्हा तीच. लॅबच्या किल्ल्या (अकाउंटात शिरायच्या ॲक्सेस की) तुम्ही क्रेडेन्शियल फाइलमध्ये चिकटवल्या, पण टर्मिनलमध्ये ऑफिसच्या किल्ल्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये आधीपासून पडून असतील, तर टूल व्हेरिएबललाच आधी मानतं. लॅबच्या पायऱ्या वाचत तुम्ही 'एंटर' मारत राहता आणि डेटाबेस, लोड बॅलन्सर सगळं ऑफिसच्या अकाउंटात उभं राहतं. लॅब अकाउंट संध्याकाळी आपोआप पुसलं जातं, ऑफिसचं बिल मात्र धावत राहतं.

म्हणून नवीन टर्मिनल, जुने व्हेरिएबल 'अनसेट', आणि पहिली कमांड 'एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी', म्हणजे आपण कुठल्या अकाउंटात आहोत ते सांगणारी. १२ आकडी अकाउंट नंबर लॅबच्या पानावरच्या नंबराशी जुळला तरच पुढे. ब्राउझरमध्ये लॅब कन्सोल इनकॉग्निटो खिडकीत उघडा. सगळ्यात सोपं म्हणजे लॅपटॉपवर त्या दिवसापुरता वेगळा युजर काढा.

आणि लॅबमध्ये लिहिलेला कोड उठण्याआधी स्वतःच्या गिट रिपोमध्ये (कोडच्या साठ्यात) ढकला. अकाउंट गेलं की तोही गेला.

---

टेबलाखालचा_सर्व्हर

टीमला ठोस काय सांगायचं यावर कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. पेमेंटवाल्यांसाठी हाच खरा मुद्दा आहे.

मंचावर 'आजपासून उपलब्ध' असं म्हणतात तेव्हा लगेच टाळ्या वाजवू नका. तीन गोष्टी तपासा. एक, ते 'जनरली अव्हेलेबल' (सगळ्यांसाठी पक्कं खुलं) आहे की 'प्रिव्ह्यू' (चाचणीपुरतं). प्रिव्ह्यूला साधारणपणे एसएलए (सेवेची लेखी हमी) नसतो, एपीआय बदलू शकते, प्रत्यक्ष चालू सिस्टिममध्ये वापरू नका असं त्यांच्याच अटींत लिहिलेलं असतं. दोन, कुठल्या रीजनमध्ये, म्हणजे कुठल्या भागातल्या डेटा सेंटरमध्ये. ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, हैदराबाद २०२२ पासून. गुगलचं मुंबई २०१७, दिल्ली २०२१. पण नवीन सेवा बहुतेक वेळा अमेरिकेतल्या रीजनमध्ये आधी येते आणि इकडे नंतर. मुंबईत जाहीर झाली म्हणून मुंबई रीजनमध्ये आली असं होत नाही. तीन, डिफॉल्ट कोटा (वापराची मर्यादा) किती. डेमो एका रिक्वेस्टवर चालतो, तुमची गाठ सेकंदाला शेकडोंशी असते.

रीजनचा प्रश्न तुमच्यासाठी नुसता लेटन्सीचा (उत्तराला लागणाऱ्या वेळेचा) नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानुसार पेमेंट व्यवहाराचा संपूर्ण डेटा फक्त भारतातल्या यंत्रणेत साठवायचा आहे. प्रक्रिया बाहेर झाली तरी तिकडचा डेटा पुसून एका कामकाजाच्या दिवसात किंवा २४ तासांत, जे आधी असेल तेव्हा, भारतात आणावा लागतो. आता एआय सेवांमध्ये एक बारीक मेख आहे. तुम्ही एंडपॉइंट (विनंती पाठवायचा पत्ता) मुंबईचा वापरता, पण क्षमता कमी पडली की विनंती आतल्या आत दुसऱ्या देशातल्या रीजनकडे वळू शकते. याला 'क्रॉस रीजन इन्फरन्स' म्हणतात. स्लाइडवर हे नसतं.

म्हणून तज्ज्ञांच्या टेबलावर असं विचारा: 'मुंबई एंडपॉइंटवर पाठवलेली विनंती भारताबाहेर जाते का? ते सेटिंगने बंद करता येतं का? प्रॉम्प्ट आणि लॉग कुठे आणि किती दिवस राहतात? हे तुमच्या डॉक्युमेंटेशनच्या कुठल्या पानावर लिहिलंय?' चौथा प्रश्न सोडू नका. तोंडी 'हो हो, सगळं इंडियातच' याला ऑडिटरपुढे काही किंमत नाही. पान मिळालं तर लिंक घ्या, नाही मिळालं तर 'लेखी उत्तर मेल करा' म्हणा. इथे मात्र बॅज खुशाल स्कॅन करू द्या.

टेबलावर कुणाशी बोलताय तेही बघा. बॅजवर 'अकाउंट मॅनेजर' असेल तर तो विक्रीचा. 'सोल्यूशन्स आर्किटेक्ट' किंवा 'इंजिनिअर' शोधा. कीनोट सुरू असताना ही टेबलं जवळजवळ रिकामी असतात, जेवणानंतर खांद्याला खांदा. स्वतःच्या सिस्टिमचं चित्र कागदावर काढून न्या, ग्राहकांची नावं आणि आयपी गाळून. ऑफिसचा कन्सोल तिथे उघडून दाखवू नका.

---

फलाट_पाच

५. दोन मार्ग.

अ) डोंबिवलीहून फास्ट लोकलने घाटकोपर. तिथून मेट्रो १ ने वर्सोव्याच्या दिशेला चौथं स्टेशन मरोळ नाका. तिथे खाली उतरून मेट्रो ३, कफ परेडच्या दिशेची गाडी, बीकेसी. दोन्ही मेट्रो वेगवेगळ्या कंपन्यांच्या, त्यामुळे बाहेर पडून पुन्हा तपासणी आणि पुन्हा आत. सकाळी घाटकोपरला मेट्रोत चढायलाच रांग असते, तिकीट आधी मोबाइलवर काढून ठेवा. भुयारी मार्गात मोबाइल नेटवर्कचा भरवसा नाही. परतीचं तिकीट आणि परिषदेचा क्यूआर, दोन्हींचे स्क्रीनशॉट ठेवा.

ब) कुर्ल्याला उतरून पश्चिमेला बाहेर, तिथून बेस्टची ३१० किंवा शेअर रिक्षा. अंतर कमी, पण सकाळी रस्ता तुंबला तर बस हलत नाही.

पावसाळ्यात अ, एरवी साडेआठच्या आत कुर्ला गाठत असाल तर ब. परतताना सहा ते साडेसात बीकेसीतून रिक्षा मिळणं मुश्कील. शेवटच्या 'नेटवर्किंग' चहाला थांबायचं नसेल तर पाचच्या सुमारास निघा.

जेवणाची खिचडी, म्हणजे गोंधळ, एक ते दोनमध्ये असतो. सव्वाबाराला किंवा सव्वादोनला जा. जैन जेवणाचे डबे वेगळे आणि मोजके, हवे असतील तर नोंदणीतच टिक करा. हॉलचा एसी कडक असतो, पूर्ण बाह्यांचा शर्ट बरा.

---

सेमीकोलन

सगळ्यांचे आभार. ऑफिसच्या मेलवरून पुन्हा नोंदणी केली, जुनी रद्द केली. शेवटचा प्रश्न: बॅज घरूनच प्रिंट करून न्यायचा का?

---

जाड_भिंग

गरज नाही, तिथल्या किऑस्कवर क्यूआर दाखवला की छापून देतात. ओळखपत्र मात्र मूळ न्या, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा पॅन उत्तम. आधारच दाखवायचं तर मास्क केलेलं. नोंदणी उघडायच्या वेळी, म्हणजे बहुधा आठ-साडेआठला पोचलात तर किऑस्कवर रांग नसते. नऊनंतर ती दाराबाहेर जाते.