घंटीच्या दोरीची शिरोरेषा केली, पण वेलांटी छपरातून बाहेर जातेय

रेघोट्या

मंडळी, शनिवारी टाकायची कॉमिक स्ट्रिप तीन दिवस एका वेलांटीवर अडलीय.

विषय आमचे अण्णा. 31 वर्षं एसटीत कंडक्टर, त्यातली बरीचशी कराड-चिपळूणला, कुंभार्ली घाटातून वर-खाली. आता निवृत्त आहेत, पण माझ्या गाडीत सगळे बसले की मागच्या सीटवरून डोकी मोजतात आणि हात आपसूक छताकडे जातो. परवा आरशात तो हात दिसला आणि स्ट्रिप सुचली.

जुन्या लाल गाड्यांत छताखालून ड्रायव्हरपर्यंत घंटीची दोरी असायची, आठवतेय ना? एक टोला थांब, दोन टोले चल. ती दोरी मी चारही चौकटींतून सलग नेलीय. पहिलीत स्टँडवरची बस. दुसरीत आमच्या गॅलरीतली कपड्यांची दोरी, अण्णा टॉवेल वाळत घालताहेत. तिसरीत गाडी आणि तो वर गेलेला हात. चौथीत मी हँडब्रेक सोडते. इन्स्टावर 1080 बाय 1350 च्या चार स्लाइड, मधल्या पांढऱ्या पट्ट्या काढून टाकल्या, त्यामुळे बोट सरकवलं की दोरी पुढं जात राहते.

कच्चं काढताना लक्षात आलं की घंटीचा आवाज त्या दोरीलाच टांगता येईल. वेगळी शिरोरेषा मारायचीच नाही! रात्री साडेबाराला नवऱ्याला उठवून दाखवलं. "छान" म्हणून तो परत झोपला.

तर 'टण टण' झकास लटकतं, दोरीच्या वर काहीच येत नाही. पण अण्णा म्हणतात आवाज 'टिंग टिंग' होता, आणि या विषयात त्यांच्याशी कोण वाद घालणार? 'टिंग' लिहिलं की वेलांटी आणि अनुस्वार थेट टपावर. दोरी खाली घेतली तर प्रवाशांच्या गळ्याशी येते. फुग्यांतला मजकूर मुक्ता फाँटमध्ये बसवलाय, त्याचं काही नाही, पण हे अक्षर हातानंच काढायचंय. काय करू?

शाईदौत

कल्पना फार आवडली. पंधरा वर्षं अक्षरं काढतोय, हे मला का सुचलं नाही म्हणून जरा चिडलोही.

दोरी अधांतरी नसायची, छताला ठोकलेल्या हुकांतून ओवलेली असायची. तुझी वेलांटी म्हणजे तो हूक. छतातून निघून दोरीला येऊन मिळतो तसाच काढ, जाडी लोखंडाची ठेव. छप्पर बोटभर वर घे, तेवढ्यानं कोन बिघडत नाही. आणि अनुस्वार म्हणजे खुद्द घंटी. शेवटच्या 'टिंग'चा अनुस्वार ड्रायव्हरच्या डोक्यावर येईल असं बघ.

एक सावधगिरी. दोरीवर 'थांबा' टांगायचा मोह होईल, टांगू नको. थ, ध, भ यांच्या डोक्यावर रेघ तुटते, म्हणजे तुझी दोरी तुटणार. फाँटमधून अक्षर उचलून त्यावर गिरवायलाही जाऊ नको. फाँटची रेघ पट्टीनं मारल्यासारखी सरळ असते, दोरीला झोळ हवा. ओढलेल्या जागी ती खाली येते, तिथलं अक्षरही खाली आलं पाहिजे.

मुक्कामपोस्ट

आमच्या गावच्या गाडीची घंटी गंजली होती. 'खट खट' वाजायची. ड्रायव्हरला ती ऐकू यायची नाही, मग कंडक्टर तिकिटाच्या पंचनं खांबावर ठोकायचा. तेव्हा सगळ्याच गाड्यांत 'टिंग' होतं असं अण्णांनी म्हणू नये. 😄

निःशब्द

आवाज हवाच कशाला? शि. द. फडणीसांनी शब्दाविना किती हसवलंय. हात वर गेला की वाचणाऱ्याच्या कानात घंटी वाजतेच.

रेघोट्या

@निःशब्द, तिसऱ्या चौकटीपुरतं पटलं. तिथं मी मोटारीच्या छताखाली 'टिंग' लिहून ठेवलं होतं, ते खोडलं. आता तिथं नुसती दोरी आणि हात. बसमधलं मात्र ठेवणार, ते कानात बसल्याशिवाय तिसरीतली शांतता कळायची नाही.

@शाईदौत, हूक जमला! पहिला ठळक आला होता, 'टिंग'चं 'टींग' वाचलं जात होतं. बारीक केला. घंटीच्या अनुस्वाराला पितळी रंग दिलाय, बाकी सगळी स्ट्रिप दोनच रंगांत. झोळाचा सल्ला सर्वांत कामी आला, कारण ओढल्यावर 'टि' खाली येतो आणि 'ग' जागेवरच राहतो, त्यामुळे आवाज हलल्यासारखा दिसतो.

@मुक्कामपोस्ट, निरोप पोचवला. अण्णा म्हणाले, "डेपो कुठला त्यांचा?"

काल रात्री त्यांना टॅबवर दाखवलं. चष्मा लावून पहिली चौकट बराच वेळ बघत बसले. मला वाटलं, गहिवरले. मग बोट ठेवलं ते दारापाशी. तिथं मी डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई काढलीय, एक पाय पायरीवर, एक अजून खाली. जागा रिकामी दिसत होती म्हणून काढलेली.

"बाईचा पाय खाली असताना डबल दिली मी? चार्जशीट लावशील मला, ह्या वयात."

बाई आत घेतेय. स्ट्रिप रविवारी.