टालर म्हणजे थाळी? ही व्युत्पत्ती आता पुरे

टाकसाळ: कालच्या धाग्यात कुणीतरी ठोकून दिलंय की युरोपातलं 'थालर' नाणं म्हणजे आपली 'थाळी', कारण दोन्ही गोल आणि चपटे. डोकं सणकलं! नाव गावावरून पडलंय. बोहेमियातलं योआखिम्सटाल, आजचं चेक प्रजासत्ताकातलं याखिमोव्ह. तिथे चांदीची खाण लागली आणि १५२० च्या सुमारास श्लिक सरदारांनी मोठं नाणं पाडलं. एका बाजूला संत योआखिम, दुसऱ्या बाजूला सिंह. 'टाल' म्हणजे खोरं. योआखिम्सटालर, खोऱ्यातलं नाणं. पुढचा भाग गळाला, टालर उरलं. डचमध्ये डाल्डर, इंग्रजीत डॉलर.

मुळाक्षर: गाव मान्य. पण टाल म्हणजे खोरं आणि आपला 'तळ' म्हणजेही खालची जागा. संस्कृतचं नाव काढलं की अंगावर का येता?

टाकसाळ: ध्वनी जुळवून बघा ना! संस्कृत 'त' जर्मनमध्ये 'ड' होतो: त्रि–ड्राय, त्वम्–डू. म्हणून 'तळ'चा जर्मन भाऊ 'डीलं', म्हणजे जमिनीवरची फळी. 'टाल'चा इंग्रजी भाऊ 'डेल'. जर्मन 'ट', इंग्रजी 'ड' या रांगेत संस्कृतात 'ध' किंवा 'द' लागतो: दुहिता–डॉटर–टॉख्टर. 'त' तिथे बसतच नाही.

तोळामासा: शब्दावरून भांडताय, पण थालर कुठला ते कुणी बोलेना. या मापाचं नाणं ऑस्ट्रियात तिरोलमधल्या हॉल गावी १४८६ लाच पडलं होतं. श्लिकांकडे चांदी अमाप, म्हणून नाव त्यांच्या गावाचं टिकलं. नाव एक, वजनं अनेक. १५६६ चा राइखस्टालर: एका कोलोन मार्क (जुनं जर्मन वजन, २३३.८६ ग्रॅम) शुद्ध चांदीत नऊ, म्हणजे प्रत्येकी २५.९८ ग्रॅम. १७५३ पासून दहा, २३.३९ ग्रॅम. १८५७ ला ५०० ग्रॅममध्ये तीस, जेमतेम १६.६७.

खणखण: मग ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीचा मुखवटा असलेलं मारिया थेरेसा थालर कसं विसरलात? साल कायम १७८०, पण नाणं पुढे दीडशेहून जास्त वर्षं पडत राहिलं, १९४०-४१ मध्ये आपल्या मुंबईच्या टाकसाळीतसुद्धा. तेव्हा साल बघून 'अस्सल अठराव्या शतकातलं' म्हणून विकणाऱ्यावर भरवसा ठेवू नका.

तोळामासा: छातीखालची 'एस एफ' अक्षरं बघायची की.

खणखण: चूक! ती जर्मनीतल्या गुंट्सबुर्गच्या टाकसाळीतल्या अधिकाऱ्यांची आद्याक्षरं, पण नंतरच्या सगळ्या नाण्यांवर तीच उतरली. त्यावरून टाकसाळ ठरत नाही. खोटं पकडायचं तर आधी वजन: एकूण २८.०७ ग्रॅम, त्यात चांदी हजारात ८३३ भाग. मग कड: 'युस्टिशिया एट क्लेमेंशिया' ही अक्षरं उठावदार असतात. साच्यात ओतलेल्या नाण्याला कडेवर जोडाची रेघ येते. ती घासून काढायला गेलं की अक्षरंही बसतात. रेघ किंवा बसकी अक्षरं, दोन्हींपैकी काहीही दिसलं तर घेऊ नका.

तोळामासा: बरं, एस एफचं मागे घेतो. वजनाचं नाही.

मुळाक्षर: दुहितेपुढे माझा 'तळ' टिकत नाही, तेवढं मान्य. पण तोळामासा, 'थालर' लिहिणंही सोडा. जर्मन उच्चार 'ट'च, आणि १९०१ च्या शुद्धलेखन सुधारणेत त्यांनी स्वतःच त्यातला एच काढून टाकलाय.