उंच गिलासात ओतलं की पाणी "जास्त" कसं होते?

प्रश्न (अंगणवाडी ताई, यवतमाळ जिल्हा): साडेपाच वर्षांचा पोरगा दोन सारख्या गिलासांतलं पाणी सारखंच म्हणते. त्यातलं एक उंच, अरुंद गिलासात ओतलं की लगेच "यात जास्त". समजावलं तरी तेच. काही कमी तर नाही ना जी?

उत्तर १: नाही जी. बालमानसशास्त्रज्ञ पियाजेने मुलांच्या विचाराचे वयानुसार टप्पे सांगितले, त्यातल्या २ ते ७ वर्षांच्या टप्प्याची हीच खूण. मूल उंचीच पाहते, रुंदी सुटते. ओतलेलं परत ओतलं तर तेवढंच भरेल, हे मनात उलटं फिरवता येत नाही. सातच्या आसपास जमते. भाषण नको, त्यालाच ओतू द्या.

उत्तर २: आधी तुरीचे दाणे घ्या. मांडणी बदलली तरी संख्या तेवढीच राहते, हे पाण्याच्या आधी कळते, वजनाचं बरंच नंतर. ६-६ दाण्यांच्या दोन ओळी समोरासमोर लावा, मग एक पसरवा. काही घोळ विचारण्यातही असू शकते: आधी अन् नंतर तोच प्रश्न केला की पोराला वाटू शकते पहिलं उत्तर चुकलं, म्हणून बदलते. बदल केल्यावर एकदाच विचारा. त्याच्या लेखी "जास्त" म्हणजे "उंच" तर नाही, तेही पाहा.

उत्तर ३: वयाचे आकडे मागेपुढे होतात. मात्र दोन वर्षांचं लेकरू डोळ्यांदेखत फडक्याखाली लपवलेलं खेळणं शोधतच नसेल, तर आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांची सरकारी आरोग्य तपासणी) पथकाला दाखवा.