त्रेसष्ट म्हटलं की ३६ लिहिते, घरी मराठी आकडे बंद करू का?

चिऊची_आई:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. मुलगी साडेसहा वर्षांची, पहिलीत, सेमी इंग्लिश, म्हणजे गणित इंग्रजीतून आणि बाकी सगळं मराठीतून. शाळेत सिक्स्टी थ्री म्हटलं की बरोबर लिहिते. पण संध्याकाळी सासूबाई तिला घेऊन बसतात, आणि त्यांनी त्रेसष्ट म्हटलं की ही खुशाल ३६ लिहून मोकळी. सत्तेचाळीसचे ७४, पंचवीसचे ५२. तेहतीस मात्र दरवेळी बरोबर 😀 आणि एकोणचाळीसला काय लिहावं तर ४१! मी विचारलं अगं कसं, तर म्हणे एक आणि चाळीस.
काल यावरून घरात थोडं वाजलंच. नवरा म्हणतो मराठी आकडे बंद करा, पोर गोंधळतंय, मोठी झाली की शिकेल. सासूबाई गाल फुगवून बसल्यात. मला दोघांचंही पटतं ही माझी खरी अडचण. शेजारच्या अबॅकस क्लासला घाल म्हणतात. काय करू?

झेडपी_गुरुजी:
ताई, मी १७ वर्षं पहिली-दुसरीला शिकवतोय. आधी एक सांगतो, पोरगी हुशार आहे. ती जे ऐकते तेच लिहिते. त्रेसष्टमध्ये तीन आधी ऐकू येतो, साठ नंतर, लिहायचं मात्र उलट. मराठीत अकरापासून नव्व्याण्णवपर्यंत, पूर्ण दशकं आणि एकोणवाले आकडे सोडले तर, सगळीकडे सुटे आधी आणि दशक मागून. एकोणचाळीस म्हणजे चाळीसला एक कमी हे तिला कुणी सांगितलंच नसेल, तर तिने एक आणि चाळीस जोडले यात तिची चूक काय?
२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला वीस एक असं वाचन दिलं होतं, आठवत असेल, केवढा गदारोळ झाला, जोक फिरले. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या, त्यांना काय काय ऐकावं लागलं. लोकांना वाटलं जुने शब्द काढून टाकले, पण पुस्तकात दोन्ही होते. मी वर्गात दोन्ही म्हणून घेतो, आधी साठ तीन, मग त्रेसष्ट, महिनाभरात पहिलं आपोआप गळून पडतं.
आता घरी काय करायचं ते. वही बाजूला ठेवा. दहाच्या नोटा घ्या (खेळातल्या चालतील) आणि रुपयाची नाणी. त्रेसष्ट रुपये दे म्हणा. ती आधी तीन नाणी काढेल, काढू दे. मग सहा नोटा. मग सांगा, नोटा मोठ्या, त्या डावीकडे मांड, चिल्लर उजवीकडे. मांडून झालं की त्याच्या खालीच आकडा लिहायचा. आमच्याकडे नोटांऐवजी हिराच्या काड्या असतात, दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा. पण गठ्ठा मुलानेच बांधायला हवा. आयता बांधलेला दिला की त्याला ती एक जाड काडी वाटते, दहा वाटत नाहीत. हे मला कळायला चार-पाच वर्षं गेली.
अबॅकस आत्ता नको. ६३ म्हणजे किती हे हाताला कळलं नसेल तर मणी सरकवायचा वेग घेऊन करायचंय काय.

कोथरूडकर_बाबा:
तुमच्या मिस्टरांसारखंच आम्ही केलं होतं, इंग्लिश मिडियम आहे तर कशाला डोक्याला ताप म्हणून घरी पण ट्वेंटी थर्टीच. शाळेत मार्क उत्तम, तक्रार काही नाही. आता पोरगा पाचवीत आहे. परवा कोथिंबीर आणायला पाठवला, भाजीवाली मावशी म्हणाली पस्तीस, हा माझ्याकडे बघतोय. मग तिनेच थर्टी फाइव्ह सांगितलं. मला कुठे तोंड लपवू झालं. दीड, अडीच, पाऊण, सव्वा, काहीच येत नाही त्याला, साडेदहा वाजले येतं तेवढंच. आता शिकवायला बसलो तर बोअर होतं म्हणतो. बंद करू नका एवढंच सांगेन.

राइनकाठची_मीरा:
मी जर्मनीत असते. इथेही डिट्टो हाच प्रकार! जर्मनमध्ये ६३ ला तीन आणि साठ असंच म्हणतात, आणि मुलं उलटं लिहितात, त्याला इथे शब्दच आहे त्सालेनद्रेयर. माझा मुलगा दुसरीत असताना मी घाबरून टीचरकडे गेले, तर त्या म्हणाल्या होतं असं. म्हणजे दोष मराठीचा एकटीचा नाही, नवऱ्याला सांगा. काही मुलं आधी तीन लिहून मग डावीकडे जागा सोडून सहा लिहितात, माझाही तेच करायचा. कागदावर चालून जातं पण फोनवर नंबर टाकताना फजिती.

झेडपी_गुरुजी:
हो, ती सवय लागू देऊ नका, पुढे तीन अंकी संख्या आल्या की फार त्रास होतो.

सुमनआजी_६८:
मी नातवंडांच्या कृपेने इथे वाचत असते. चिऊच्या आई, तुमच्या सासूबाईंना माझ्यातर्फे सांगा, रुसू नका, पाटी काढा आणि मराठी आकड्यात ३६ काढून दाखवा. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेत की नाही? म्हणून तर छत्तीसचा आकडा म्हणतात. आणि ६३ लिहिलं की दोघं समोरासमोर, तोंडाकडे तोंड, गप्पा मारतायत. माझ्या नातीला एवढं सांगितलं आणि ती जोडी पुन्हा चुकली नाही. बाकीच्या आकड्यांना असली गोष्ट नाही, तिथे गुरुजींच्या नोटाच.
आणि सापशिडी काढा हो. फासा पडला की ठिपके मोजायला लावू नका, बघून सांगू दे. सोंगटी मात्र एका घरावर एकदाच टेकवायची. मुलं उभी असतात ते घरच एक म्हणून मोजतात आणि एक घर मागे राहतात, मग साप आला की रडारड. एकोणनव्वद म्हणायचं का नव्याऐंशी यावरून आमच्या घरात अजून भांडण आहे ते सोडा.

चिऊची_आई:
सगळ्यांचे खूप आभार, आठवडा झाला म्हणून अपडेट देते. नोटा खऱ्याच वापरल्या, पन्नासची निघाली तर म्हणे ही नको, यात दहा दिसत नाहीत, मग वाण्याकडून दहा-दहाच्या सुट्ट्या करून आणल्या. पहिले दोन दिवस नाण्यांचे मनोरेच रचत बसली. काल सासूबाईंनी अठ्ठावन्न सांगितलं तर मोठ्याने आठ आणि पन्नास असं पुटपुटली, हात आठ लिहायला गेला, थांबली, नोटांकडे बघितलं आणि ५८ लिहिलं. ३६ वाली गोष्ट तर तिने शाळेत बाईंना पण सांगितली, पण तिथे इंग्रजी आकडे, त्यांच्यात कोण कुणाकडे पाठ करून बसतंय ते दिसेना, आल्यावर माझ्यावरच चिडली.
नवरा आता सापशिडी खेळायला बसतो आणि सासूबाईंना नव्व्याण्णवचा साप लागला की सगळ्यात जास्त तोच हसतो. एकोणचाळीस अजून ४१ च आहे. गुरुजी, त्याला काय करू?

झेडपी_गुरुजी:
चार नोटा द्या आणि म्हणा यातला एक रुपया मला परत दे. सुट्टे नाहीत म्हणेल. मग एक नोट मोडायला दुकानदाराकडे, म्हणजे आजीकडे पाठवा.