शब्दचर्चा: विमानाला 'गंज' चढतो का?

भाषांतरकार: अमेरिकी लष्करी विमानांवरच्या एका लेखात 'करोजन मेंटेनन्स फोरकास्ट' आलंय. 'गंज-दुरुस्तीचं भाकीत' चालेल का? 'संक्षारण' फारच सरकारी वाटतं.

हँगरवाला: गंज नको. गंज लोखंडाचा, तांबूस. विमानाचा सांगाडा बव्हंशी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, त्याला पांढरी भुकटी धरते. रिव्हेटच्या डोक्याभोवती रंग फुगलेला दिसला की खरवडून बघायचं, खाली पिठूळ लागतं. दुर्लक्ष केलं तर धातूचे पदर सुटतात, अगदी खारी बिस्किटासारखे. 'गंज' वाचणारा तांबडे डाग शोधत बसेल. पोलादी भागांना मात्र खुशाल गंज म्हणा. बाकी 'क्षरण' लिहा, शाळेच्या विज्ञानात तोच शब्द आहे.

नागपूरकर: आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं, तेव्हा अनुमोदन! आणि 'दुरुस्ती' नको, ती बिघडल्यावर. इथल्या वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडला हिंदीत 'अनुरक्षण कमान' म्हणतात, पण मराठीत सरळ 'देखभाल' असताना ते कशाला?

भाषांतरकार: पटलं. पण 'अंदाज' जरा ढिला वाटतो, म्हणून 'भाकीत' लिहिलं होतं.

हँगरवाला: भाकितात हिशेब नसतो, इथे सगळा हिशेबच आहे. अमेरिकी हवाई दलाने 1970 च्या दशकात 'पेसर लाइम' नावाचं काम हाती घेतलं. तळ समुद्रापासून किती लांब, हवा किती दमट, हवेत गंधकाचा धूर किती, यावरून तळांची प्रतवारी केली. विमान किती दिवसांनी धुवायचं, पुन्हा कधी रंगवायचं, ते त्यावरून ठरायचं. म्हणजे विमानाचं वय एकवेळ बाजूला ठेवा, ते कुठल्या तळावर किती वर्षं उभं होतं ते आधी विचारा. आयएसओ 9223 या मानकातही हवेची प्रतवारी आहे, सी 1 पासून सी 5 पर्यंत आणि त्याच्याही वर सीएक्स. त्यात धातू ओला राहण्याचा काळ धरतात: तापमान शून्याच्या वर आणि आर्द्रता 80 टक्क्यांहून जास्त असलेले तास. दाबोळीच्या नौदल तळावर पावसाळ्यात हे तास कसे साचत असतील, बघा.

नागपूरकर: 'अंदाज'च ठेवा हो. अंदाजपत्रकाला कोण ढिलं म्हणतं?

भाषांतरकार: मग 'क्षरण-देखभालीचा अंदाज' पक्कं. आणि 'वॉश'ला 'प्रक्षालन'?

हँगरवाला: 'धुणे'! प्रक्षालन लिहिलंत तर नळ कोणी सोडणार नाही.