लग्नाआधी वॅक्सिंग: मागच्या वेळी पायांवर पुटकुळ्या आल्या होत्या, या वेळी काय काळजी घेऊ?

मैत्रिणींनो, मदत हवी आहे. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे नेमकं कुठे चुकलं ते तुम्हाला सांगता येईल.

माझं लग्न ११ डिसेंबरला आहे. आज २९ ऑक्टोबर, म्हणजे हातात सहा आठवडे आहेत. हॉल, साड्या, ब्लाउज सगळं मार्गी लागलंय, पण वॅक्सिंगचा विषय निघाला की पोटात गोळा येतो.

साखरपुडा १८ मे रोजी होता. आदल्या दिवशी दुपारी मी डोंबिवलीतल्या एका पार्लरमध्ये फुल आर्म्स आणि फुल लेग्ज करून घेतलं. लग्नसराईमुळे तिथे खूप गर्दी होती. हीटरमधल्या वॅक्सची वाफ दिसत होती. नडगीवर पहिला हात फिरला तेव्हाच मी "गरम आहे" म्हणाले, त्यावर "होतं सवयीने" असं उत्तर मिळालं. गुडघ्याखाली एकाच जागी तीन-तीनदा पट्टी ओढली. घरी आले, चिकट वाटत होतं म्हणून कडकडीत पाण्याने आंघोळ केली, लूफाने घासलं, काखेत डिओ मारला आणि लेगिंग्ज घालून संध्याकाळच्या लोकलने दादरला बांगड्या आणायला गेले. मे महिना, उभ्याने प्रवास, पाय घामाने नुसते भिजलेले.

रात्री बघते तर प्रत्येक केसाच्या मुळाशी लाल ठिपका. सोललेल्या कोंबडीची कातडी असते ना, तसे पाय दिसत होते. तिसऱ्या दिवशी मांड्यांवरच्या काही पुटकुळ्यांना पांढरी टोकं आली. साखरपुड्यात मी पूर्णवेळ साडीचा पदर हातावर ओढून बसले होते. फोटोत ते कळत नाही, पण मला आठवतं.

मग औषधांच्या दुकानातून एक मलम आणलं. दोन दिवसांत लाली गेली, म्हणून दहा दिवस लावलं. बंद केल्यावर पुटकुळ्या पुन्हा आल्या. आता पुटकुळ्या नाहीत, पण दोन्ही नडग्यांवर तपकिरी डाग राहिलेत. पाच महिने झाले तरी पूर्ण गेलेले नाहीत. मेनंतर वॅक्स केलेलंच नाही, मधे रेझर वापरला. शेवटचा दसऱ्याच्या सुमारास.

माझे प्रश्न:
पुन्हा वॅक्स करू की रेझरवरच राहू? केलं तर लग्नाच्या किती दिवस आधी? मेंदी ८ तारखेला संध्याकाळी आहे, चुडा ९ ला भरायचाय, हळद १० ला सकाळी. हळद अंगाला झोंबेल का? आणि चेहऱ्यावर मुरुमांसाठी रात्री ॲडापलीन जेल लावते, तर अप्पर लिप करून चालेल का?

आई म्हणते, "कशाला जिवाला घोर, चांगले आहेत हातपाय." तिचं बरोबर असेलही, पण मला त्या दिवशी पदर ओढून बसायचं नाहीये.

सांगलीची_पार्लरवाली
अगं, आधी घाबरणं सोड. १८ वर्षं हेच काम करतेय, तुझ्यासारख्या नवऱ्यामुली दर हंगामात येतात.

तुझ्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक पार्लरची, वॅक्स गरम होतं. आम्ही गिऱ्हाइकाला लावायच्या आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघतो. कोमट लागलं तरच पुढे. वॅक्स सुरीवरून पातळ मधासारखं ओघळलं पाहिजे, पाण्यासारखं धावलं तर ते जास्त तापलंय. वाफ दिसत होती म्हणतेस, तेव्हाच उठायला हवं होतंस. पैसे देतो आपण, बोलायला लाजू नये.

दुसरी गोष्ट, एकाच जागी तीनदा ओढणं. केसाच्या दिशेने पातळ थर, उलट्या दिशेने पट्टी, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरलेली आणि पट्टी वर न उचलता अंगालगत ओढलेली. असं केलं की एका ओढीत काम होतं. राहिलेले चार केस चिमट्याने काढायचे. पट्टी वर उचकटली की केस मुळाशी तुटतो आणि मग तोच आत वळून वाढतो. बऱ्याच जणींना जो "पुरळ" वाटतो तो असा अडकलेला केस असतो.

केस तांदळाच्या दाण्याएवढे वाढू दे, ५ ते ६ मिलिमीटर. दसऱ्यानंतर रेझर लावला नसशील तर ८ नोव्हेंबरपर्यंत होतील. तेव्हा एकदा कर, मग ६ डिसेंबरला शेवटचं. मधे बरोबर चार आठवडे जातात. त्या चार आठवड्यांत रेझरला हात लावायचा नाही, नाहीतर सगळी गंमत बिघडते.

आता चुड्याचं. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. चुडा भरला की हातांचं वॅक्स विसर. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवून वॅक्स करायला आलेली मुलगी मी पाहिलीय, दोन वाढवल्या आणि रडायला लागली. मेंदीनंतरही नको, पट्टीबरोबर मेंदीचा वरचा रंग निघून येतो. म्हणजे वॅक्स, मेंदी, चुडा, हळद हाच क्रम. ६ ला केलंस तर हळदीपर्यंत चार दिवस मिळतात, झोंबणार नाही. पण हळद लावणाऱ्या काकवांना सांग, नडग्यांवर उटण्यासारखं रगडू नका, नुसतं टेकवा.

पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस टाळ, तेव्हा दुखतं जास्त. आणि पार्लरमध्ये बघ, अंगाला लागलेली सुरी पुन्हा डब्यात बुडवतात का. बुडवत असतील तर निघ तिथून.

त्वचारोग_निवासी
मी त्वचारोग विभागात रेसिडेंट आहे. न तपासता निदान करता येत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते फॉलिक्युलायटिससारखं, म्हणजे केसांच्या मुळांना आलेल्या सुजेसारखं वाटतं. केस उपटला की मूळ उघडं पडतं. पहिल्या काही तासांतली लाली स्वाभाविक असते, ती एक-दोन दिवसांत जाते. त्या उघड्या मुळांवर गरम पाणी, घासणं, डिओतलं अल्कोहोल, घट्ट कापड आणि घाम हे सगळं एकाच संध्याकाळी झालं, त्यात जंतूंना वाट मिळाली. पांढरी टोकं त्याचीच.

आता मलम. ट्यूब अजून घरी असेल तर मागची बाजू वाचा. नावात क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन असेल तर ते स्टिरॉइड आहे. लाली दोन दिवसांत दबते, म्हणून गुणकारी वाटतं, पण जंतुसंसर्ग आतल्या आत वाढतो आणि बंद केल्यावर उसळतो. तुमच्याकडे तसंच झालेलं दिसतंय. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलं, तरी ती सर्रास मिळतात. आमच्या ओपीडीत रोज अशा ट्यूबा घेऊन पेशंट येतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. कृपा करून या वेळी ते लावू नका.

डागांबद्दल: आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत सूज उतरली की मागे रंग राहतो. तो जातो, पण महिने लागतात. ऊन लागलं तर गडद होतो, म्हणून पाय उघडे राहणार असतील तेव्हा नडग्यांवरही सनस्क्रीन लावा, एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त. लग्नाच्या घाईत पील किंवा ब्लीच करून घेऊ नका.

ॲडापलीन लावलेल्या जागी वॅक्स अजिबात नको. या जेलने वरचा थर नाजूक होतो आणि पट्टीबरोबर कातडीच निघते. किमान आठवडाभर आधी बंद करा. अप्पर लिपला थ्रेडिंग बरं, तेही जेल थांबवूनच. मुरुमांसाठीच आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील तर मात्र थांबा. त्या चालू असताना आणि बंद केल्यावर सहा महिने वॅक्स करत नाहीत. घेतल्यात का?

ताप आला, लाली पसरत गेली किंवा गळू झालं तर धाग्यावर विचारत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

रानजाई
माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते. मला लाल ठिपके यायचे नाहीत, दोन दिवसांनी पट्टीच्या आकाराचे खाजरे चट्टे उठायचे. बँडेजची चिकटपट्टी लावली तरी तसंच व्हायचं. पॅच टेस्टमध्ये कळलं, मला राळेची ॲलर्जी आहे. बऱ्याच तयार वॅक्समध्ये राळ असते, डब्यावर कोलोफोनी किंवा रोझिन लिहिलेलं असतं. तेव्हापासून घरी साखरेचं करते: दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी, मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत. पूर्ण निवल्याशिवाय हात लावायचा नाही, साखरेचा पाक फार वाईट भाजतो. तुझं तसं आहे की नाही ते आधी बघ. पायावर दोन बोटांएवढ्या जागी लावून दोन-तीन दिवस थांब.

मोगरा_पुणे
रेझरने केस जाड येतात म्हणून वॅक्सच कर, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. ते खरं नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं, इतकंच. वॅक्स सोसत नसेल तर १० तारखेला रात्री नवं ब्लेड, साबणाचा फेस आणि केसांच्या दिशेने रेझर. कुणाला काही कळत नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, ट्यूब कपाटात सापडली, मागे क्लोबेटासोलच लिहिलंय. फेकून दिली. गोळ्या कधी घेतलेल्या नाहीत. रानजाई, चार दिवसांपूर्वी पोटरीवर छोटा पॅच करून घेतला, खाज नाही, चट्टा नाही.

धागाकर्ती (११ नोव्हेंबर)
८ ला केलं. पार्लर बदललं. फोनवरच विचारलं, सुरी परत डब्यात घालता का? तिने लाकडी पट्ट्या दाखवायचं कबूल केलं आणि खरोखर प्रत्येक वेळी नवी घेतली. आदल्या दिवशी ओल्या पंच्याने हलकं घासलं होतं, त्या दिवशी काही लावलं नाही. वॅक्स मनगटावर लावून बघायला मीच मागितलं. एका जागी एकच ओढ, उरलेले केस चिमट्याने.

घरी येऊन थंड पाण्यात बुडवलेला सुती रुमाल दहा-दहा मिनिटं नडग्यांवर ठेवला, मग बिनवासाचं कोरफड जेल. आईचा जुना सुती गाऊन घालून पंख्याखाली पडून राहिले. ऑफिसला रजा टाकली होती, त्यामुळे लोकल नाही, घाम नाही. आंघोळ दुसऱ्या दिवशी, कोमट पाण्याने, घासलं नाही. डिओ तिसऱ्या दिवशी.

संध्याकाळी ठिपके दिसले तेव्हा छातीत धस्स झालं. सकाळपर्यंत ओसरले. आज तिसरा दिवस आहे, उजव्या नडगीवर तीन बारीक लाल ठिपके उरलेत, टोक एकालाही नाही. नखाने टोकरत नाहीये.

सांगलीच्या ताई, एकच विचारायचंय: उद्यापासून आठवड्यातून दोनदा पंच्याने हलकं घासलं तर आत वळणारे केस टळतील ना, की हे ठिपके पूर्ण जाईपर्यंत थांबू?

सांगलीची_पार्लरवाली
ठिपक्यांची जागा सोडून बाकी घास. ते गेले की तिथेही. आणि आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच रोज मॉइश्चरायझर लाव, कोरड्या कातडीतून केस बाहेर यायला अडतो. ६ ची वेळ घेतलीस का? तो आठवडा सगळीकडे भरलेला असतो.

धागाकर्ती
घेतली, सकाळी साडेदहाची. दिवसातलं पहिलं गिऱ्हाईक मीच आहे.